थंड ढगांचे बोलणे ऐकणारी दुर्बीण हवी

पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या वादामुळे जीएमआरटी हे नाव गेल्या काही वर्षांत राजकारणाच्या बातम्यांतही येऊ लागले. नारायणगावजवळ खोडदला मुख्य ठाणे असलेल्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या या रेडिओ दुर्बिणीच्या शेजारून रेल्वे न्यावी की नाही, यावर सभांमध्ये, विधिमंडळात आणि संसदेतही बोलणे झाले. ही दुर्बीण ऐकते काय, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. तिच्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे अवकाशात विखुरलेल्या हायड्रोजनच्या अणूंचा माग काढणे. हा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. तिच्यावरून कोणत्या दीर्घिकेत ताऱ्यांसाठी किती कच्चा माल शिल्लक आहे, याचा हिशेब मांडता येतो.

पण या सुट्या अणूंपासून थेट तारा होत नाही. वायू आधी थंड व्हावा लागतो, दाट व्हावा लागतो, आणि त्या वाटेवर अणूंचे रेणू होतात. रेणूंचे बोलणे प्रामुख्याने मिलिमीटर लांबीच्या लहरींतून चालते आणि त्या ऐकू शकेल अशी मोठी दुर्बीण आज भारतात नाही. सेंटिमीटर आणि मीटर लांबीच्या लहरींत जगात नाव कमावलेल्या देशाची ही उणीव आता भरून निघायला हवी. ती किती मोठी आहे हे कळण्यासाठी ताऱ्याच्या जन्मातले रसायनशास्त्र जवळून पाहावे लागते.

पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरातल्या अमावास्येच्या आसपास, शहरापासून दूर गेले तर संध्याकाळी आकाशगंगेचा पट्टा डोक्यावरून नैऋत्येकडे उतरलेला दिसतो. नागपूरजवळच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. तिथून तर तो स्पष्टच दिसतो. हंसापासून धनूपर्यंत त्या पट्ट्याच्या मधोमध एक काळी फट आहे. तिथे तारे नाहीत असा पूर्वी समज होता. अमेरिकी खगोलनिरीक्षक एडवर्ड बर्नार्ड यांनी वर्षानुवर्षे अशा काळ्या जागांची छायाचित्रे घेतली आणि १९१९ मध्ये १८२ काळ्या ठिकाणांची यादी छापली. तारे मागे आहेतच, पुढे धुळीचा पडदा आहे, हे त्यातून हळूहळू पक्के झाले. १९४७ मध्ये बार्ट बॉक यांनी आणखी पुढचे विधान केले: यातले छोटे, गोल, काळे ठिपके ही ताऱ्यांची जन्मस्थाने असावीत. ते सिद्ध व्हायला १९९० उजाडले, कारण धुळीच्या पलीकडचे पाहण्यासाठी अवरक्त किरणांची दुर्बीण लागते.

बर्नार्डच्या यादीतला ६८ क्रमांकाचा ढग हे त्याचे नमुनेदार उदाहरण. भुजंगधारी तारकासमूहातला हा ठिपका इतका काळा आहे की दृश्य प्रकाशात त्याच्या पोटातून एकही तारा दिसत नाही. आतले तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास. ‘दाट’ हा शब्दही इथे जपून घ्यायला हवा. समुद्रसपाटीवरच्या एका घन सेंटिमीटर हवेत २५ वर १८ शून्ये इतके रेणू असतात. अशा ढगाच्या गाभ्यात तेवढ्याच जागेत काही लाख. प्रयोगशाळेतली नेहमीची निर्वात पोकळीही याच्याशी तुलना करता गजबजलेली म्हणावी लागेल. तरीही ढगाचा विस्तार इतका अफाट असतो की सगळे मिळून ताऱ्याला पुरेल एवढे वस्तुमान भरते.

असा ढग आकसतो कसा? जेम्स जीन्स यांनी १९०२ मध्येच त्याचे गणित मांडले. ढगाचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढते आणि वायूची उष्णता त्याला बाहेर ढकलते. ढग पुरेसा थंड आणि पुरेसा जड असला की ओढ जिंकते. यात ढगातले चुंबकीय क्षेत्र आणि खळबळ यांचाही वाटा असतो. त्या क्षेत्राचा अंदाज बांधण्यासाठी चंद्रशेखर आणि फर्मी यांनी १९५३ मध्ये सुचवलेली रीत आजही वापरली जाते. पण खरी अडचण पुढे येते. वायू दाबला की तापतो आणि तापला की दाबाला विरोध करतो. म्हणजे आकसण्यातून निर्माण झालेली उष्णता सतत बाहेर टाकता आली तरच ढग पुढे आकसणार. धगधगत्या ताऱ्याच्या जन्माची पहिली अट थंड राहणे ही आहे, आणि ती अट पाळण्याचे काम रसायनशास्त्र करते.

ढगात सर्वाधिक असतो हायड्रोजन. त्याचे दोन अणू भेटले की रेणू तयार व्हावा, इतके ते सोपे वाटते. प्रत्यक्षात मोकळ्या अवकाशात तसे जवळजवळ घडतच नाही. दोन अणू जुळताना जी ऊर्जा सुटते ती कुणीतरी वाहून न्यावी लागते. नेणारे कुणी नसेल तर दोघे एकमेकांना धडकून पुन्हा वेगळे होतात. इथे धूळ उपयोगी पडते. ढगाच्या वस्तुमानात धुळीचा वाटा अवघा एक टक्का. कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे, वाळूच्या आणि काजळीच्या जातीचे. अणू कणावर येऊन चिकटतो, पृष्ठभागावर सरकत राहतो, दुसरा अणू गाठतो. जुळणीची ऊर्जा कण शोषून घेतो आणि रेणू मोकळा होऊन वायूत परततो. रॉबर्ट गूल्ड आणि एडविन साल्पीटर यांनी १९६३ मध्ये हे गणित मांडले. जन्मलेल्या ताऱ्यांचा अतिनील प्रकाश हे रेणू फोडू शकतो. तो अडवण्याचे कामही धूळच करते.

इतके हायड्रोजन रेणू जमले, तरी हा रेणू गप्प असतो. दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे इतक्या थंडीत त्याच्याकडून दखल घेण्याजोगा संकेत निघत नाही. दहा हजार हायड्रोजन रेणूंमागे साधारण एक या प्रमाणात असलेला कार्बन मोनॉक्साइड मात्र बोलका आहे. त्याचा रेणू एका टोकाला कार्बन, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन असा असमान असतो. फिरता फिरता तो २.६ मिलिमीटर लांबीची लहर सोडतो आणि त्यासाठी उणे २६३ अंशांची थंडीही त्याला चालते. घाटाच्या वळणापलीकडून दिंडी येताना माणसे दिसत नाहीत, पताका दिसतात आणि त्यांवरून गर्दीचा अंदाज येतो. खगोलशास्त्रज्ञ कार्बन मोनॉक्साइडवरून हायड्रोजनचा अंदाज बांधतात तो असाच. १९७० मध्ये रॉबर्ट विल्सन, कीथ जेफर्ट्स आणि आर्नो पेंझियस यांनी अॅरिझोनातल्या किट पीकवरच्या दुर्बिणीतून मृगातल्या तेजोमेघात ही लहर प्रथम टिपली. त्याच वर्षी जॉर्ज कॅरदर्स यांनी अग्निबाणावर अतिनील कॅमेरा बसवून खुद्द हायड्रोजन रेणूची पहिली नोंद घेतली.

हीच लहर ढगाची उष्णताही बाहेर नेते. रेणू एकमेकांवर आदळतात, कार्बन मोनॉक्साइड फिरू लागतो, लहर सोडून पुन्हा शांत होतो. दर वेळी उष्णतेचा एक कण ढगाबाहेर पडतो. ढगाच्या कडेला, जिथे ताऱ्यांचा प्रकाश रेणू टिकू देत नाही, तिथे हे काम विद्युतभारित कार्बन अणू १५८ मायक्रॉनची लहर सोडून करतात. रेणू नसतानाही केवळ या कार्बनच्या आणि धुळीच्या सावलीच्या बळावर वायू पुरेसा थंड होऊ शकतो, असे काही संगणकीय प्रतिकृतींत दिसले आहे. त्यामुळे रेणूंना ताऱ्याचे एकमेव कारण ठरवणे बरोबर नाही. पण ढग कुठे आहे, किती जड आहे, कोसळतो आहे की विरतो आहे, हे सांगणारे साक्षीदार तेच आहेत.

१५८ मायक्रॉनच्या या लहरीशी मुंबईचे नाते आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाची दूर-अवरक्त दुर्बीण बांधली आणि हैदराबादच्या केंद्रावरून प्रचंड फुग्याला टांगून ती सुमारे तीस किलोमीटर उंचीवर पाठवली. हवेतली बाष्पाची भिंत ओलांडण्याचा तेवढाच मार्ग होता. जपानी संशोधकांनी तिला जोडलेल्या वर्णपटमापकातून तारे जन्मणाऱ्या अनेक प्रदेशांतल्या कार्बनचे नकाशे निघाले. थोड्या पैशांत, स्वतःच्या हातांनी बांधलेल्या उपकरणावर झालेले हे काम मराठी वाचकांना जीएमआरटीइतके ठाऊक नाही, याची खंत वाटते.

आता ढगाच्या आत जाऊ. इतक्या थंडीत रासायनिक अभिक्रिया चालूच नयेत, असे शाळेतले रसायनशास्त्र सांगते. तरी वृषभ राशीत, कृत्तिका-रोहिणीच्या परिसरात, सुमारे ४५० प्रकाशवर्षांवरच्या एका थंड ढगात दहाच्या वर अणूंच्या साखळ्या सापडल्या आहेत. अवकाशातून येणारे विश्वकिरण ढगात खोलवर शिरतात आणि हायड्रोजन रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवतात. तो घायाळ रेणू दुसऱ्या हायड्रोजनला भिडतो आणि तीन हायड्रोजनांचा एक आयन तयार होतो. हा आयन समोर येईल त्याला आपला एक प्रोटॉन देऊन टाकतो. आयन आणि रेणू यांच्यात विद्युत ओढ असल्याने त्यांच्या अभिक्रियेला उष्णतेचा धक्का लागत नाही. एरिक हर्ब्स्ट आणि विल्यम क्लेम्पेरर यांनी १९७३ मध्ये यावर अख्ख्या ढगाचे रसायनशास्त्र उभे केले. त्या आयनाची प्रत्यक्ष खूण ताकेशी ओका आणि थॉमस गेबाल यांना १९९६ मध्ये मिळाली; तेवीस वर्षे सिद्धान्त आपल्या साक्षीदाराची वाट पाहत होता.

गाभा जसजसा दाट होतो, तसा धुळीचा कण बर्फाने मढत जातो. ऑक्सिजनचा अणू कणावर बसतो, हायड्रोजनचे अणू येऊन त्याला मिळतात आणि पाणी तिथेच तयार होऊन तिथेच गोठते. मग कार्बन मोनॉक्साइडही गोठतो. बर्नार्ड ६८ च्या नकाशात हे स्वच्छ दिसते: जिथे वायू सर्वांत दाट, नेमका तिथेच कार्बन मोनॉक्साइडचा संकेत कमी पडतो, कारण तो वायूतून उतरून कणांना चिकटलेला आहे. तिथली बातमी द्यायला नायट्रोजनयुक्त रेणू उरतात. गोठलेल्या कार्बन मोनॉक्साइडला एकेक हायड्रोजन मिळत गेला की मिथेनॉल बनते. जपानच्या होक्काइदो विद्यापीठातल्या संशोधकांनी अशीच थंडी निर्माण करून हे करून दाखवले. २०२३ च्या जानेवारीत जेम्स वेब दुर्बिणीने शॅमिलियन ढगाच्या काळ्या भागातून पलीकडच्या ताऱ्याचा प्रकाश तपासला तेव्हा त्या बर्फात पाणी, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन आणि मिथेनॉल यांच्या खुणा मिळाल्या. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही अवकाशातल्या अशा बर्फाच्या प्रतिकृती बनवून त्यांचा अभ्यास चालतो.

गाभा अखेर कोसळतो. मधोमध आदितारा तापू लागतो, भोवती वायूची आणि धुळीची तबकडी फिरू लागते. केंद्राचे तापमान एक कोटी अंशांच्या घरात पोहोचून हायड्रोजनचे स्थिर ज्वलन सुरू व्हायला सूर्यासारख्या ताऱ्याला काही कोटी वर्षे लागतात. त्याच्या कितीतरी आधी, आदिताऱ्याच्या पहिल्या उबेने कणांवरचा बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन उडतो, आणि लाखो वर्षे साठलेले रसायन एकदम बाहेर पडते. चिलीतल्या अटाकामा वाळवंटात, पाच हजार मीटर उंचीवर ६६ अँटेना असलेली ‘आल्मा’ ही दुर्बीण यासाठीच बांधली गेली. २०१२ मध्ये तिने सूर्यासारख्याच एका नवजात ताऱ्याभोवती ग्लायकोलाल्डिहाइड हा सर्वांत साध्या साखरेसारखा रेणू शोधला. २०१४ मध्ये तिने रोहिणीच्या अगदी जवळच्या दिशेला असलेल्या एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याभोवतीची कड्याकड्यांची तबकडी दाखवली. २०२३ मध्ये मृगातल्या व्ही८८३ या ताऱ्याच्या तबकडीतल्या पाण्याचे मोजमाप जाहीर झाले. त्या पाण्यातले जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या सूर्यमालेतल्या धूमकेतूंशी जुळणारे निघाले. म्हणजे ढगातले पाणी तबकडीतून धूमकेतूंपर्यंत बऱ्याच अंशी जसेच्या तसे पोहोचते. पृथ्वीवरच्या पाण्याचा काही वाटाही सूर्याहून जुना असणार, हा निष्कर्ष त्यामुळे बळकट झाला. गावच्या विहिरीतले असो की अरबी समुद्रातले, पाण्याचा इतिहास त्या थंड कणांपर्यंत मागे जातो, हे समजणे कोणत्याही देशाच्या नागरिकासाठी मोलाचे आहे.

या साऱ्या कथेत भारतीय संशोधक आहेत, मिलिमीटर-लहरींची मोठी भारतीय दुर्बीण नाही. बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात १०.४ मीटर व्यासाची मिलिमीटर-लहरींची दुर्बीण उभारली होती. पण ती शहरात होती, आणि हवेतले बाष्प या लहरी गिळून टाकते. त्या सुरुवातीचे पुढे मोठ्या राष्ट्रीय दुर्बिणीत रूपांतर झाले नाही. तेवढ्या काळात जपानने नोबेयामाची ४५ मीटरची दुर्बीण चालवली आणि मग आल्मात भागीदारी मिळवली. चीनने देलिंगहा इथल्या १३.७ मीटरच्या दुर्बिणीतून आकाशगंगेतल्या कार्बन मोनॉक्साइडचे विस्तृत सर्वेक्षण हाती घेतले. दक्षिण कोरियाकडेही मिलिमीटर-लहरींच्या स्वतःच्या दुर्बिणी आहेत.

आल्माची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांसाठी खुली होतात, मग स्वतःच्या दुर्बिणीवर खर्च का करायचा, असे विचारले जाते. प्रश्न योग्य आहे. पण खुल्या भांडारात इतरांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे असतात. शिवाय आल्मा आकाशाचा अगदी छोटा तुकडा अतिशय बारकाईने पाहते. अख्खे ढग पसरून पाहायला एकच मोठी तबकडी असलेली साधी दुर्बीण जास्त कामाची असते. तिसरे कारण भूगोलाचे. आल्मा दक्षिण गोलार्धात आहे. वृषभेतला तो रेणूंनी भरलेला ढग तिथून क्षितिजावर जेमतेम ४१ अंश वर येतो. लडाखच्या हानलेहून तोच ढग जवळपास डोक्यावरून जातो.

हानलेची जागा तयारच आहे. सुमारे ४,५०० मीटर उंची, कोरडी थंड हवा, आणि तिथे हिमालयन चंद्र दुर्बिणीचा वीस वर्षांहून अधिक काळचा अनुभव. तिथली हवा २२० गिगाहर्ट्झच्या लहरींना किती वाट देते याची मोजणी भारतीय आणि जपानी संशोधकांनी या शतकाच्या सुरुवातीला केली होती आणि हिवाळ्यातली हवा उपयुक्त आढळली होती. स्क्वेअर किलोमीटर अॅरे या आंतरराष्ट्रीय प्रकल्पासाठी केंद्र सरकारने १,२५० कोटी रुपये मंजूर केले, ते योग्यच झाले. पण तो प्रकल्प लांब लहरींचा आहे आणि कार्बन मोनॉक्साइडची २.६ मिलिमीटरची लहर त्याच्या कक्षेत येत नाही. अतिथंड मिलिमीटर ग्राहक बांधण्याचे कसब इथे रुजले तर त्याचा उपयोग खगोलापुरता राहत नाही. आजच्या मोटारींतले रडारही ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे मिलिमीटर-लहरींतच चालते.

प्रस्ताव मांडताना एक चूक टाळायला हवी. नुसती तबकडी मागून भागणार नाही, तिच्याबरोबर रसायनशास्त्राची प्रयोगशाळाही मागायला हवी. १९७० मध्ये अवकाशातून येणाऱ्या लहरींच्या वर्णपटात ८९ गिगाहर्ट्झला एक अनोळखी रेषा सापडली आणि शोधणाऱ्यांनी तिला ‘एक्सोजेन’ असे तात्पुरते नाव दिले. क्लेम्पेरर यांनी ती कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या एका आयनाची असावी असे सुचवले, पण १९७५ मध्ये प्रयोगशाळेत तो आयन बनवून त्याची लहर मोजली गेली तेव्हाच वाद मिटला. आजवर अवकाशात ओळखलेल्या तीनशेहून अधिक रेणूंमागे असेच काम आहे, आणि ओळख न पटलेल्या रेषा अजून ढिगाने पडून आहेत. हे मोजमाप आणि त्यामागची गणिते करू शकणारे रसायनशास्त्र विभाग महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि राष्ट्रीय संस्थांत आहेत. खगोलशास्त्राच्या प्रकल्पात त्यांना आजवर क्वचितच बोलावले गेले. हानलेला दहा ते पंधरा मीटरची तबकडी, तिच्या पहिल्या वर्षांसाठी कृत्तिकेपासून मृगापर्यंतच्या ढगांचे सर्वेक्षण, आणि पुणे-मुंबईत तिला जोडलेली वर्णपटाची प्रयोगशाळा, एवढे तीन भाग एकाच प्रस्तावात आणि एकाच अंदाजपत्रकात असावेत. प्रयोगशाळेचा भाग पुढच्या टप्प्यावर ढकलला, तर अनोळखी रेषांसाठी पुन्हा परदेशी प्रयोगशाळांकडेच जावे लागेल.